खरेदीखताआड दडलेले कर्ज

जमीन किंवा घर घेण्यासाठी लागणारा पैसा बँकेतून येतो, असे अर्थशास्त्राची क्रमिक पुस्तके गृहीत धरतात. कोल्हापुरातील व्यवहार मात्र या गृहीतकाला फारसा जुमानत नाही. गल्लीतील भिशी, आप्तांकडून घेतलेले हातउसने, घरातले सोने गहाण टाकून उचललेली रक्कम आणि अखेरीस शेकडा दराने मिळणारा खाजगी पैसा, अशा वाटांनी येथील कित्येक प्लॉट घेतले गेले आणि घरे उभी राहिली. सहकारी बँका व पतसंस्थांचे दाट जाळे असलेल्या जिल्ह्यात असे घडावे, याचे नवल वाटेल. परंतु बँकेला निर्वेध मालकी, बिगरशेती आदेश आणि मंजूर नकाशा लागतो. गुंठ्यागुंठ्याने विकल्या गेलेल्या जमिनींपाशी नेमके हेच कागद नसतात. अशा वसाहती नियमित करण्यासाठी राज्याला २००१ साली गुंठेवारीचा कायदा करावा लागला आणि २०२१ साली त्याची मुदतही वाढवावी लागली, यावरून या प्रश्नाचा आवाका ध्यानी येतो.

खाजगी पैसा मुळातच वाईट, असे म्हणणे अन्यायाचे होईल. वीस जणांची दरमहा पाच हजारांची लिलाव भिशी घ्या. एक लाखाची रक्कम जो ऐंशी हजारांना उचलतो, तो वीस हजारांवर पाणी सोडतो. पण ते सर्वांदेखत आणि जाणूनबुजून. पैशाची किंमत तेथे उघड ठरते. धोका सुरू होतो तो ही किंमत कागदाआड लपते तेव्हा.

समजा, वीस लाखांच्या प्लॉटवर एखाद्या कारकुनाने पाच लाख रुपये दरमहा शेकडा तीन दराने घेतले. महिन्याचे व्याज पंधरा हजार, म्हणजे वर्षाचा दर छत्तीस टक्के. एवढ्यावर भागत नाही. धनको गहाणखत नाकारतो आणि सरळ खरेदीखत मागतो. ‘पैसे फेडा, जमीन परत लिहून देतो’ असे तोंडी वचन देतो किंवा फार तर वेगळ्या मुद्रांकावर लिहून देतो. हप्ते थकले की वीस लाखांची जमीन पाच लाखांत जाते. कर्जाची खरी किंमत म्हणजे केवळ छत्तीस टक्के व्याज नव्हे. हातची गेलेली पंधरा लाखांची मालमत्ताही तीतच धरली पाहिजे.

यातील कायद्याची मेख फार थोड्यांना ठाऊक असते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५८ ‘मुदत खरेदी’ हा गहाणाचाच एक प्रकार मानते. मात्र १९२९ च्या दुरुस्तीनुसार परतफेडीची अट त्याच दस्तात असल्याखेरीज तो व्यवहार गहाण ठरत नाही. म्हणूनच वेगळ्या कागदावरचे वचन गहाणदाराला तारत नाही. याउलट तोच व्यवहार रीतसर गहाण असेल, तर ऋणकोला जमीन सोडवून घेण्यासाठी तीस वर्षांची मुदत मिळते आणि धनकोला तिच्यावर हक्क सांगण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते. धनको गहाणखत का टाळतो, याचे उत्तर येथेच आहे.

कागद आणि व्यवहार यांतील ही तफावत महाराष्ट्राला नवी नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुप्याला उसळलेल्या दंगलीत शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या दस्तऐवजांवर होता. त्यानंतर झालेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायालयांना कागदामागचा खरा हिशेब तपासण्याची मुभा दिली. २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा हाच धागा पुढे नेतो. त्याच्या कलम १८ अन्वये सावकारीच्या ओघात गेलेली जमीन परत मिळावी म्हणून पंधरा वर्षांच्या आत सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे दाद मागता येते. विनापरवाना सावकारी करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूदही त्यात आहे. परंतु मूळ व्यवहार कर्जाचा होता, हे सिद्ध व्हावे लागते; आणि रोखीने दिलेल्या-घेतलेल्या पैशाला साक्षीदार कोठून आणायचा?

नाण्याची दुसरी बाजूही आहे. निवृत्तीची पुंजी घेऊन एखादा शिक्षक प्लॉट पाडणाऱ्याला दरमहा शेकडा दोन दराने ती देतो आणि बदल्यात केवळ नोटरीसमोर केलेली विसारपावती घेतो. साठेखताने मालकी मिळत नाही, तर अशा पावतीने काय मिळणार? येथे बुडतो तो धनकोच. तात्पर्य, लबाड कागदाचा फटका नेहमी दोघांपैकी दुबळ्याला बसतो, मग तो पैसा देणारा असो वा घेणारा.

उपाय अवघड नाही. कर्ज असेल तर गहाणखतच करावे. अट त्याच दस्तात लिहावी, दस्त नोंदवावा, रक्कम बँकेमार्फत द्यावी आणि शेकड्याच्या महिन्याला बाराने गुणून मगच सही करावी. शासनानेही गुंठेवारीच्या नियमितीकरणाचा वेग वाढवला पाहिजे, आणि पतसंस्थांनी अशा नियमित झालेल्या प्लॉटवर लहान कर्जे देण्यास पुढे आले पाहिजे. बँकेचे दार बंद असेपर्यंत माणसे दुसरे दार ठोठावणारच. त्या दाराशी विक्रीच्या कागदावर सही मागितली गेली, तर आपण जमीन गहाण टाकीत नसून विकीत आहोत, हे सही करणाऱ्याने ओळखले पाहिजे.