औषध विरघळवायचे कशात?

चिमूटभर हळद पेलाभर पाण्यात ढवळून ठेवा. तासाभराने बरीचशी हळद तळाशी बसलेली दिसेल. तीच स्पिरिटमध्ये टाकली, तर द्रव पिवळाधमक होतो. हळदीतील कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळते. कर्करोगावरील पॅक्लिटॅक्सेल या औषधाचीही हीच अडचण आहे. रक्तात तर मुख्यतः पाणीच! मग असे औषध शिरेतून द्यावे कसे?

एक उपाय म्हणजे बहुवारिकाचे मायसेल. साबणाचे रेणू तेलकट मळ पोटात घेऊन पाण्यात राहतात, तसेच हे. (साबणाच्या पाण्यात हळद लाल होते, तो मात्र अल्कलीचा परिणाम.) बहुवारिकाच्या साखळीचा एक भाग जलस्नेही, दुसरा जलद्वेषी असतो. पाण्यात अशा अनेक साखळ्या एकत्र येऊन जलद्वेषी भाग आत दडवतात. त्या गाभ्यात औषध राहते. दक्षिण कोरियात २००७ साली पॅक्लिटॅक्सेलचे असे औषध मंजूर झाले.

औषध गाभ्यात भरण्यासाठी आधी ते आणि बहुवारिक एकाच द्रावकात विरघळावे लागतात. नेहमीच्या पद्धतीत हा द्रावक पाण्यात मिसळावा लागतो आणि शेवटी निघूनही जावा लागतो. ही शेवटची अट विद्यार्थी हटकून विसरतात. आम्हीही विसरत असू. डायमिथिल सल्फॉक्साइड जवळजवळ सगळे विरघळवते, म्हणून हात आधी त्या बाटलीकडे जातो. पण त्याचा उत्कलनबिंदू १८९° से.! ते सहज उडत नाही. मिश्रण पातळ पटलाच्या पिशवीत भरून बाहेरचे पाणी बदलत बसावे लागते, आणि तेवढ्या वेळात थोडे औषधही निसटते. क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळतो, पण पाण्यात मिसळत नाही. शिवाय तो विषारी. औषधात तो दहा लाख भागांत ६० भागांपेक्षा जास्त उरता कामा नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. इथेनॉल व ॲसिटोनला ही मर्यादा ५,००० भागांची आहे.

इथेनॉल तर आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलेच. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला. तेथे मळीपासून अल्कोहोल बनते. मग तेच का वापरू नये? प्ल्युरॉनिक गटातील बहुवारिके त्यात विरघळतात, तेथे आम्ही तेच निवडू. पॉलिलॅक्टिक आम्लाची लांब साखळी मात्र साध्या तापमानाला इथेनॉलमध्ये विरघळत नाही. तेथे ॲसिटोन हवा. औषध व बहुवारिकाचे ॲसिटोनमधील द्रावण ढवळत्या पाण्यात थेंबथेंब सोडायचे, मग ॲसिटोन उडू द्यायचा. सकाळी तळाशी पिवळा गाळ दिसला, तर कर्क्युमिन गाभ्यात मावले नाही असे समजावे आणि त्याचे प्रमाण कमी करून पुन्हा सुरुवात करावी.