बोटीतला आगवाला आणि घामातले मीठ

यवतमाळचा कापूस शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूरला, तिथून मुंबईला आणि पुढे वाफेच्या मालबोटीने विलायतेला जाई. बोटीच्या तळाशी भट्टीत कोळसा टाकणारा तो ‘आगवाला’. चार तास पाळी, आठ तास सुटी, की पुन्हा भट्टी. तांबड्या समुद्रात वारा मागून असला, की खाली हवाच पोचत नसे.

घामाने निथळणारे आगवाले पाणी भरपूर पीत, तरी हातापायांत आणि पोटात गोळे येत. पाणी पिऊनही असे का, याचे उत्तर १९२०च्या दशकात ब्रिटनमधील कोळसा खाणींच्या अभ्यासातून मिळाले. घामातून मीठही जाते. नुसते पाणी प्याले की रक्तातले उरलेले मीठ आणखी पातळ होते. पाण्यात चिमूटभर मीठ घालताच गोळे थांबले.

मे महिन्यात यवतमाळचा पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा वखरणी करणाऱ्या मजुराची गत वेगळी नसते. त्याला ओआरएस किंवा मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी द्यावे. रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. मात्र माणूस बरळू लागला किंवा शुद्ध हरपली, तर तोंडात काही घालू नये. सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओतत राहावे आणि लगेच दवाखाना गाठावा.