चहूबाजूंनी दाबलेले काँक्रीट

कोरड्या वाळूच्या ढिगावर आपण उभे राहिलो, तर पाय रुततो. तीच वाळू पोत्यात गच्च भरून तोंड शिवले, तर त्यावर दोघेतिघे उभे राहू शकतात. वाळू तीच, फक्त तिला बाजूला सरकू न देणारे पोते भोवती आले.

काँक्रीटचेही असेच आहे. ठोकळा वरून दाबला की तो बाजूंनी किंचित फुगतो आणि आत आडवा ताण निर्माण होतो. काँक्रीटची ताण सोसण्याची शक्ती दाब सोसण्याच्या शक्तीच्या जेमतेम दहावा भाग! त्यामुळे ठोकळ्याला उभ्या भेगा पडतात. ‘काँक्रीट दाबाला मजबूत, ताणाला कमजोर’ असे आपण शिकवतो. पण दाबाखालीही ते बहुधा ताणानेच फुटते, हे सांगायचे राहून जाते.

बाजूंनीही दाबून धरले तर? १९२८ साली इलिनॉय विद्यापीठात रिचर्ट, ब्रँडझेग व ब्राउन यांनी हे मोजले. बाजूच्या दाबाच्या सुमारे चौपट शक्ती वाढते. म्हणजे चौरस मिलिमीटरला २० न्यूटन पेलणारे काँक्रीट भोवतालच्या ५ न्यूटनच्या दाबामुळे ४० च्या आसपास पेलते. दोनच दिशांनी सारखे दाबले, तर मात्र वाढ साधारण सोळा टक्केच होते, कारण फुटायला तिसरी दिशा मोकळी असते.

इथे पोलादी तंतू उपयोगी पडतात. अर्धा-एक मिलिमीटर जाड, तीन ते सहा सेंटिमीटर लांब असे तुकडे काँक्रीटमध्ये कालवतात. गिलाव्याच्या मातीत भुसा किंवा काड घालतात, तसेच. भेग उघडू लागली की ते तिला टाक्यांसारखे धरून ठेवतात. एका दिशेच्या दाबात त्यांनी शक्ती फारशी वाढत नाही, पण ठोकळा एकाएकी फुटत नाही. चहूबाजूंनी जबर दाब असेल, तर भेगाच रोखल्या जातात. मग तंतूंना काम उरत नाही.

खांबातल्या रिंगा हेच काम बाहेरून करतात. ९ फेब्रुवारी १९७१ च्या सॅन फर्नांडो भूकंपात ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालयाच्या विरळ रिंगांच्या खांबांचा चुरा झाला. सळईचे सलग वेटोळे असलेले खांब वाकले, पण भार पेलत उभे राहिले.

वर्गात प्लास्टर ऑफ पॅरिसचे दोन ठोकळे काडेपेटीच्या खोक्यात ओता, एकात काथ्याचे तुकडे मिसळून. वाळल्यावर व्हाइसमध्ये आवळा आणि भेगांची दिशा पाहा.