पहिली गोळी कुणाच्या हुकमाने?

२१ जानेवारी १९१९. आयर्लंडच्या टिपररी परगण्यात सोलोहेडबेगच्या दगडखाणीकडे सुरुंगाची जेलिग्नाइट घेऊन एक घोडागाडी निघाली होती. बरोबर दोन कामगार आणि बंदोबस्ताला दोन पोलीस शिपाई, जेम्स मॅक्डॉनेल आणि पॅट्रिक ओ'कॉनेल. कुंपणाआड आयरिश व्हॉलंटिअर्स या स्वातंत्र्यवादी सशस्त्र संघटनेची टोळी दबा धरून होती. गाडी नेमकी कधी येणार याची पक्की खबर नव्हती, त्यामुळे ही मंडळी त्याआधी काही दिवस तिथेच थंडीत ताटकळत होती. शरण येण्याचा पुकारा झाला, गोळ्या सुटल्या आणि दोन्ही शिपाई ठार झाले. टोळीने स्फोटके पळवली. डेटोनेटर मात्र घाईगडबडीत एका कामगाराच्या खिशातच राहिले.

त्याच दुपारी डब्लिनच्या मॅन्शन हाउसमध्ये पहिली 'डॉइल', म्हणजे आयरिश लोकसभा, भरली. डिसेंबर १९१८ च्या निवडणुकीत शिन फेन या स्वातंत्र्यवादी पक्षाने आयर्लंडच्या १०५ पैकी ७३ जागा जिंकल्या होत्या. निवडून आलेल्यांनी लंडनच्या संसदेत न जाता इथेच सभा भरवून स्वातंत्र्य जाहीर केले. दोन घटना एकाच दिवशी घडल्या, म्हणून तो दिवस आयरिश स्वातंत्र्ययुद्धाचा मुहूर्त ठरला. पण सोलोहेडबेगचा हुकूम डब्लिनने दिला नव्हता. शॉन ट्रेसी, डॅन ब्रीन, शेमस रॉबिन्सन आणि साथीदारांचा तो स्वतःचा बेत होता. युद्ध पेटवायचे तर कुणाला तरी मारावेच लागेल असे ट्रेसीचे मत होते, असे ब्रीनने पुढे सांगितले. बेत फक्त स्फोटके मिळवण्याचा होता, असे म्हणणारेही होते. मला ब्रीनचे म्हणणे अधिक खरे वाटते, जरी स्वतःच्या शौर्याच्या गोष्टी सांगण्यात त्याने कधी हात आखडता घेतला नाही.

शिवाय ही खरेच पहिली गोळी होती का? जुलै १९१८ मध्येच कॉर्क परगण्यात बेल अ घ्लाना इथे पोलिसांवर छापा घालून शस्त्रे हिसकावली गेली होती. तिथे कुणी मेले नाही, म्हणून ती तारीख मागे पडली असावी.

मारले गेलेले दोघेही आयरिश आणि कॅथलिक होते. त्यामुळे गावोगावी आधी शोककळा पसरली आणि धर्मगुरूंनी या हत्यांचा निषेध केला. सरकारने दक्षिण टिपररी लष्करी क्षेत्र जाहीर केले. पुढे पोलिसांवर बहिष्कार पडला, भरती आटली आणि १९२० मध्ये ब्रिटनहून 'ब्लॅक अँड टॅन्स' म्हणून ओळखले गेलेले नवे पोलीस आणावे लागले. त्यांच्या जाळपोळीने गावकऱ्यांना बंडखोरांच्या बाजूला ढकलले. ते काम सोलोहेडबेगच्या गोळ्यांनी केले नव्हते. ऑक्टोबर १९२० मध्ये डब्लिनच्या रस्त्यावर ट्रेसी मारला गेला; ब्रीन पुढे खासदार झाला आणि १९६९ पर्यंत जगला. त्याचे आठवणींचे पुस्तक बंगालच्या क्रांतिकारकांनीही आवडीने वाचले.

सोलोहेडबेगला मारले गेलेले शिपाई ज्या पोलीस दलात होते, त्यातल्या मृतांचे स्मरण करण्याचा आयरिश सरकारचा बेत जानेवारी २०२० मध्ये एवढा वादग्रस्त ठरला, की तो कार्यक्रम पुढे ढकलावा लागला.