चुन्याच्या भिंती, मोजलेला उजेड

डच चित्रकार पीटर सानरेडामनं आसेंडेल्फ्टचं चर्च कागदावर उतरवलं १६३४ मध्ये. त्याचं चित्र पुरं झालं २ ऑक्टोबर १६४९ रोजी. ही तारीख त्यानंच चित्रातल्या एका बाकावर लिहून ठेवली आहे. मधल्या पंधरा वर्षांचा दोष आळसाला देता येत नाही. त्याच्या कामाची रीतच तशी होती.

आधी जागेवर बसून रेखाटन. १६३६ मध्ये तर हार्लेमहून उट्रेख्टला जाऊन त्यानं काही महिने तिथली चर्चंच काढली. मग घरी, कधी कित्येक वर्षांनी, पट्टी घेऊन चित्राच्या मापाचा आराखडा. बघणाऱ्याचा डोळा कुठे आहे तो बिंदू पहिल्यांदा पक्का करायचा. आत जाणाऱ्या साऱ्या रेषा तिकडेच धावतात. आराखड्याची मागची बाजू काळी करायची, कागद लाकडी फळीवर ठेवायचा आणि टोकदार सळईनं रेघ न् रेघ गिरवायची. कार्बन पेपरची युक्ती, दोनेकशे वर्षं आधी!

एवढं मोजूनही तो मापांचा गुलाम नाही. काही चित्रांत खांब प्रत्यक्षाहून उंच होतात, छत वर सरकतं.

खरी गंमत पांढऱ्याची. १५६६ च्या मूर्तिभंजनानंतर आणि पुढे प्रॉटेस्टंट कॅल्व्हिनपंथीयांच्या ताब्यात गेल्यावर या चर्चांतल्या मूर्ती गेल्या, भिंतींवर चुना चढला. रंगवायला उरलं काय? सानरेडामला तेवढं पुरलं. त्याची भिंत कुठे सायीसारखी पिवळसर, कुठे राखाडी, कमानीच्या पोटाशी किंचित गुलाबी. गडद सावली जवळपास नाहीच, आणि तरीही खांबाची गोलाई हाताला लागावी अशी. त्याच्यानंतरचा चित्रकार एमान्युएल द विटे फरशीवर उन्हाचे कवडसे टाकतो, कुत्री फिरवतो, ताजी खणलेली कबर दाखवतो. ते नाट्य लगेच डोळ्यांत भरतं. सानरेडामसमोर मात्र थांबावं लागतं.

आसेंडेल्फ्टचं चित्र आता ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे, जेमतेम अर्धा मीटर उंच. आत प्रवचन चाललंय, माणसं मुंगीएवढी. ते चर्च पुढे पाडलं गेलं. चित्रात अगदी पुढे, फरशीत, थडग्याची एक शिळा आहे. तिच्यावर नाव आहे यान सानरेडामचं: पीटरचा बाप, नामांकित उत्कीर्णक, मुलगा नऊ वर्षांचा असताना वारलेला. त्या नावाची अक्षरंही फरशीबरोबर आडवी पडून, त्याच बिंदूच्या हिशेबानं चपटी झाली आहेत.