सिकलसेल: चाचणीनंतर काय?
विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा शब्द आता अनोळखी राहिलेला नाही. 1 जुलै 2023 रोजी शहडोलमध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047पर्यंत निर्मूलन असे ध्येय ठेवले. तपासणी हवीच, पण तपासणीचे कार्ड हातात पडले म्हणजे उपचार मिळाला, असे नव्हे. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. एरवी 120 दिवस जगणारी पेशी 10 ते 20 दिवसांतच मरते. हायड्रॉक्सीयुरियाच्या रोजच्या गोळीने वेदनांचे झटके कमी होतात. ती जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळाली नाही, तर मजुरी बुडवून माणूस जिल्ह्याला किती खेपा घालणार?

या गोळीने रक्तपेशी घटू शकतात, म्हणून ती खेड्यात देणे धोक्याचे, असा आक्षेप घेतात. धोका खरा आहे; पण त्यावर उपाय ठरावीक काळाने रक्ततपासणी हा आहे, गोळी नाकारणे नव्हे. आजाराचे एकच जनुक असलेल्या, म्हणजे वाहक, लोकांनी आपसात लग्न टाळले की आजार संपेल, असेही म्हणतात. आईवडील दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते, हे लग्नाआधी कळायलाच हवे. पण आज वेदनेने तळमळणाऱ्या मुलाला त्याचा काय उपयोग? शिवाय वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. वाहक मुलीला ‘रोगी’ ठरवून लग्नासाठी नाकारले, तर लोक तपासणीच टाळतील. चाचणी करून घ्या, आणि आरोग्य केंद्रात गोळी नसेल तर ग्रामसभेत तो प्रश्न मांडा.