हस्तलिखिताचा प्रतीक्षाकाळ : कादंबरीचे पुनर्लेखन आणि पहिला वाचक

प्रस्तावना

कादंबरीच्या निर्मितिप्रक्रियेविषयी मराठीत बरेच लिहिले गेले आहे. प्रेरणा, अनुभव, आशयद्रव्य, निवेदनपद्धती या अंगांनी झालेली चर्चा अभ्यासकांना परिचित आहे. परंतु कादंबरीचा पहिला खर्डा पूर्ण होऊन तो एखाद्या जाणत्या वाचकाकडे गेला, आणि त्याचा अभिप्राय अजून आलेला नाही, या मधल्या काळाचा विचार क्वचितच झालेला दिसतो. हा काळ काही आठवड्यांचा असतो, कधी वर्षाचाही होतो. अनेक पहिल्या कादंबऱ्या याच काळात बिघडतात किंवा कायमच्या कपाटात जातात. पुण्या-मुंबईच्या लेखकाला दोन-चार वाचक जवळपास मिळतात. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील किन्हीराजासारख्या गावात लिहिणाऱ्याला मात्र एकाच दूरस्थ वाचकावर, बहुधा एखाद्या महाविद्यालयातील प्राध्यापकावर, अवलंबून राहावे लागते. म्हणून या प्रतीक्षाकाळात लेखकाने काय करावे आणि काय करू नये, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

वत्सगुल्माचा धागा

या प्रश्नाचा सर्वांत जुना आणि व्यवहार्य विचार ज्या ग्रंथात सापडतो, त्याचा वाशीमशी संबंध आहे हा योगायोग लक्षणीय आहे. इसवी सनाच्या ९०० च्या सुमारास राजशेखराने 'काव्यमीमांसा' लिहिली. त्यातील कथेप्रमाणे काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात झाला. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. कथा रूपकात्मक आहे, हे उघड आहे. मात्र त्याच ग्रंथाच्या कविचर्येच्या प्रकरणात रूपक नाही. तेथे लेखकाच्या दिवसाचे वेळापत्रक दिले आहे.

राजशेखर दिवसाचे चार प्रहर करतो. पहिल्या प्रहरात अध्ययन, दुसऱ्यात रचना, भोजनोत्तर तिसऱ्यात काव्यगोष्ठी आणि चौथ्यात सकाळी रचलेल्या मजकुराची परीक्षा. ही परीक्षा एकट्याने किंवा मोजक्याच मंडळींत बसून करावयाची. रसाच्या आवेशात लिहिताना विवेकाची दृष्टी जागी नसते, म्हणून ती नंतर स्वतंत्रपणे वापरावी, असे कारण तो देतो. परीक्षेची कामेही चार सांगितली आहेत : जास्तीचे काढणे, उणे भरणे, चुकीच्या जागी पडलेले हलविणे आणि विसरलेले आठवून आणणे. परीक्षा झालेल्या मजकुराची लेखी प्रत तयार करण्याचे काम त्यानंतर सायंकाळी येते. आजच्या कोणत्याही लेखनकार्यशाळेत याहून नेमकी यादी मिळणे कठीण आहे.

त्याच प्रकरणात आणखी काही सूचना आहेत. अर्धवट झालेले लेखन कोणास वाचून दाखवू नये, अन्यथा ते पुरे होत नाही. स्वतःच्या कृतीला फार मानू नये, कारण पक्षपातामुळे गुण दोषासारखे आणि दोष गुणासारखे दिसू लागतात. कृती इतरांकडूनही तपासून घ्यावी, कारण करणाऱ्याला जे दिसत नाही ते तटस्थाला दिसते. नवी रचना एकट्याच माणसापुढे वाचू नये, त्याने ती आपली म्हणून सांगितली तर साक्षीदार कुठून आणणार, ही सूचनाही तेथेच आहे. हे वाचून आजच्या लेखकाला हसू येईल. पण एकाच व्यक्तीकडे एकुलती एक प्रत पाठविणाऱ्यांची संख्या अजूनही कमी नाही. ग्रंथाच्या अनेक प्रती कराव्यात, हे राजशेखर याचसाठी सांगतो.

प्रती नसल्या की काय होते, याचे मराठीतील ठळक उदाहरण 'लीळाचरित्रा'चे आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात ठिकठिकाणी हिंडून चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या आणि त्या नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या. पुढे यवनी आक्रमणाच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली आणि अनुयायांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला, असे महानुभाव परंपरा सांगते. आज उपलब्ध असलेले भिन्न पाठ हे त्या पुनर्रचनेचेच फलित होय.

दोन प्रतींमधील अंतर

प्रतीक्षाकाळातील मुख्य अडचण मानसिक आहे असे सामान्यतः समजले जाते. ते अर्धेच खरे आहे. अडचण मुळात मजकुराची आहे. हस्तलिखित वाचकाकडे गेले त्या दिवशी दोन्ही प्रती सारख्या असतात. लेखक अस्वस्थ होऊन दुसऱ्या दिवसापासून बदल करू लागला, की त्या एकमेकींपासून दूर जाऊ लागतात. तीन महिन्यांनी अभिप्राय येतो, तेव्हा तो अस्तित्वातच नसलेल्या कादंबरीवरचा असतो. सातव्या प्रकरणातील आजीचे पात्र सर्वांत जिवंत उतरले आहे, असे वाचक लिहितो. लेखकाने ती आजी दरम्यान काढून टाकलेली असते. वाचकाचे श्रम वाया जातात आणि पुन्हा वाचण्याची विनंती करण्याचे धैर्य लेखकाला होत नाही.

म्हणून पाठविलेली प्रत जशीच्या तशी वेगळी ठेवणे ही पहिली अट मानावी लागते. तिच्यावर तारीख असावी व पृष्ठक्रमांक बदलू नयेत. दुसरी अट कामांच्या विभागणीची आहे. निवेदक बदलणे, कालक्रम उलटा करणे, शेवट नव्याने लिहिणे, मुख्य पात्र वगळणे ही रचनेची कामे अभिप्राय येईपर्यंत थांबवावीत. मनात आलेले बदल वेगळ्या वहीत लिहून ठेवता येतात. वाचकाने स्वतंत्रपणे त्याच जागेवर बोट ठेवले, तर त्या नोंदीचे मोल दुप्पट होते.

करण्याजोगे काम उरते ते तपशिलाचे, आणि ते वाटते त्यापेक्षा खूप मोठे असते. किन्हीराजाच्या परिसरात घडणाऱ्या एखाद्या कादंबरीचे उदाहरण घेता येईल. कथानक १९७२ च्या दुष्काळाचे असेल, तर शिवारात ज्वारी, कापूस, तूर, मूग दिसावयास हवेत. सोयाबीनने या भागातील शिवार व्यापले ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. अलीकडच्या काळातील कादंबरीत पोळ्याच्या दिवशी सोयाबीनची सोंगणी चालू असेल, तर शेतकरी वाचक पुस्तक तेथेच मिटेल, कारण त्या वेळी पीक हिरवे असते. १९८५ मधील पात्र 'वाशीमच्या कलेक्टर कचेरीत' जाऊ शकत नाही. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. तोपर्यंत त्याला अकोला गाठावे लागेल. उलट विसाव्या शतकाच्या अगदी आरंभीची कथा असेल तर वाशीम हे जिल्ह्याचे ठिकाण दाखविणे बरोबर ठरेल, कारण इंग्रजी अमदानीत 'बासीम' हा स्वतंत्र जिल्हा होता आणि तो १९०५ मध्ये अकोल्यात विलीन झाला. असे दोष दूरच्या वाचकाला सहसा दिसत नाहीत. ते शोधणे लेखकाचेच काम असून त्यासाठी कोणाच्या अभिप्रायाची वाट पाहण्याचे कारण नाही. पात्रांची वये, नात्यांच्या हाका, सणांचा क्रम, पावसाची नक्षत्रे यांचा एक तक्ता केला, तरी निम्म्या चुका आपोआप वर येतात.

बोलीचा प्रश्न

तपशिलाच्या कामातच बोलीची सुसंगती येते. वऱ्हाडीत बोलणारे पात्र एका पानावर 'मले' आणि पुढच्या पानावर 'मला' म्हणत असेल, 'डोया' आणि 'डोळा' दोन्ही वापरत असेल, तर तो बोलीचा नव्हे, लेखनाचा दोष ठरतो. (शिकलेले पात्र प्रसंगानुसार भाषा बदलते; ते निराळे. पण तो बदल हेतुतः झालेला आहे, हे जाणवले पाहिजे.) ही दुरुस्ती प्रतीक्षाकाळात अवश्य करावी.

मात्र बोली ठेवावी की नाही, हा प्रश्न या काळात उघडू नये. अभिप्राय येण्याआधीच 'बाहेरच्या वाचकाला हे कळणार नाही' या भीतीने संवाद प्रमाण मराठीत आणणारे लेखक विदर्भात बरेच आहेत. प्रत्यक्ष न आलेल्या आक्षेपाला दिलेले हे उत्तर असते. उद्धव शेळके यांची 'धग' १९६० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील वऱ्हाडी संवादांनी तिचे मराठीभरचे वाचक अडविले नाहीत. कौतिकचे दुःख त्या भाषेतूनच पोहोचले. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास' या ग्रामीण कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तरीही ही भीती निराधार म्हणता येत नाही. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी 'सत्यकथे'त लेखकांशी चर्चा करून, लेखन पुन्हा लिहून घेऊन जी संपादनपद्धती रूढ केली, तिचे ऋण मोठे आहे. पण १९६९ मध्ये राजा ढाले व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सत्यकथे'चा अंक जाळला, त्यामागे एकाच अभिरुचीच्या हाती निवाडा असण्याविषयीचा रोषही होता. पहिला वाचक निवडताना तो कोणत्या भाषेत वाढला, याचा विचार करणे म्हणूनच गैर नव्हे.

अभिप्राय आल्यावर

राजशेखराने भावकाचे चार प्रकार मानले आहेत. अरोचकीला काहीच रुचत नाही. सतृणाभ्यवहारी गवतासकट सर्व गिळतो, त्याला सारेच आवडते. मत्सरीला गुण दिसतात, पण तो ते बोलत नाही. तत्त्वाभिनिवेशी हा खरा मर्मज्ञ, हजारांत एखादा. पहिल्या कादंबरीला बहुधा दुसऱ्या प्रकारचे वाचक मिळतात. मित्राचे 'छान जमले आहे' हे वाक्य सुखावते, परंतु त्याने पुनर्लेखनाला काडीचीही मदत होत नाही.

नकाराचा अभिप्राय आला तर हस्तलिखित नष्ट करण्याची ऊर्मी येते. फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेरने १८४९ मध्ये आपली 'संत अँथनीचे प्रलोभन' ही कृती दोन मित्रांना सलग चार दिवस वाचून दाखविली. ती जाळून टाक, असा सल्ला त्यांनी दिला. फ्लोबेरने ती बाजूला ठेवली, १८५१ मध्ये 'मादाम बोव्हारी'ला हात घातला आणि जुन्या कृतीचे नवे रूप १८७४ मध्ये प्रसिद्ध केले. आपल्याकडे भास्करभट्ट बोरीकरांचे 'शिशुपाळवध' निवृत्तिमार्गी साधकांना मानवणारे नाही असा अभिप्राय पंथातून आला, तेव्हा त्यांनी 'उद्धवगीता' रचली. 'शिशुपाळवध' मात्र राहिले आणि आज अभ्यासक्रमात आहे. दोन्ही ठिकाणी अभिप्रायाने जुन्या कृतीची दुरुस्ती घडविली नाही. दुसरी कृती जन्माला घातली. प्रत्येक अभिप्रायाचे उत्तर त्याच हस्तलिखितात द्यावयाचे असते, हा समज त्यामुळे तपासून पाहण्यासारखा आहे.

डिकन्सचे उदाहरण उलट दिशेचे आहे. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चा शेवट १८६१ मध्ये त्याने बुल्वर-लिटन या मित्राच्या सांगण्यावरून बदलला. मूळ शेवट पुढे फॉर्स्टरने चरित्रात छापला आणि कोणता शेवट बरा, यावर समीक्षकांचे आजतागायत एकमत नाही. वाचकाला दुखणे कुठे आहे हे बहुधा बरोबर कळते. औषध सांगताना तो स्वतःची कादंबरी लिहू लागतो. म्हणून अभिप्रायातील स्थाननिर्देश जपावा आणि उपाय लेखकाने स्वतः शोधावा.

वाचणाऱ्याची बाजू

प्रतीक्षाकाळ लांबतो तो बहुतेक वेळा वाचकामुळे. परीक्षेच्या उत्तरपत्रिका, नॅकची कागदपत्रे, प्रवेशाचे काम यांत प्राध्यापकाच्या टेबलावरील हस्तलिखित खाली जात राहते. आता ते टेबलावरही नसते. भ्रमणध्वनीवर आलेल्या पीडीएफमध्ये असते आणि दहा-दहा पानांच्या तुकड्यांत वाचले जाते. अशा वाचनात रचनेविषयीचे मत देणे धोक्याचे आहे, कारण तुटकपणा कादंबरीचा की वाचनाचा, हे वाचणाऱ्यालाच सांगता येत नाही. संपूर्ण वाचन होणार नसेल, तर किती पाने वाचली आणि कोणत्या तारखेपर्यंत उर्वरित वाचता येतील, एवढे दोन ओळींत कळविणे शक्य असते. तेवढ्याने किन्हीराजाच्या लेखकाला कोणती प्रकरणे अजून वाचकाच्या हाती आहेत, म्हणून कोणती हात न लावता ठेवावीत आणि कोणती पुन्हा लिहावयास घ्यावीत, हे ठरविता येते.